पोचलास की कळव

म्हातारीचा मोबाइल थेट त्याच्या मिशीवर रोखलेला होता.

पार्सलच्या खिडकीतल्या कारकुनाचा शिक्का हवेतच थांबला. बाईच्या हातात पार्सल नाही, ती काही विचारत नाही, रांगेच्या बाजूला उभी राहून नुसतं चित्रण चाललेलं. मागच्याच महिन्यात मनीऑर्डरवाला तोंड उघडं टाकून घोरताना कोणीतरी टिपला होता. त्याची बदली झाली, आणि आता गल्लीतली शेंबडी पोरंही त्याच्यासारखं घोरून दाखवत होती. याची तर निवृत्ती तोंडावर आलेली. जन्मभराची अब्रू एका बटणावर जायची.

काचेच्या आतून साहेबांनी चिकटवलेली सूचना त्याने चोरून वाचली. नागरिक चित्रण करत असल्यास चेहरा झाकू नये. मोबाइल हिसकावू नये. हसतमुख राहून काम चालू ठेवावे.

तो हसतमुख झाला.

"काका, दाढ दुखतेय का?" रांगेतल्या पहिल्या माणसाने विचारलं.

"आपले पार्सल काट्यावर ठेवण्याची तसदी घ्यावी."

"अहो, मी रोजचा! काल मला गाढवा म्हणालात."

"असे शब्द या खिडकीत वापरले जात नाहीत," तो म्हातारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मग त्याने शिक्का इतका अलगद टेकवला, जणू झोपलेल्या बाळाच्या गालाला हात लावतोय. शिक्का उमटलाच नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा नाही.

सवयीने त्याने शेजारी पाहिलं. अशा वेळी शेजारचा दोस्त काहीतरी तोडगा सांगायचा. पण उन्हाळा सरल्यापासून ती खुर्ची रिकामीच होती. बिचाऱ्याला जन्माचा खोकला. काम करता करता उबळ यायची, की तोंडावर रुमाल, मान खाली, खांदे गदागदा. त्याच्यासाठी आणलेल्या गोळ्या अजून खणात होत्या. शेवटी गेला मात्र हृदयविकाराने. त्याच्या घरी भेटायला गेल्यावर कारकुनाला कोणाकडे मान वर करून बघणंही जमलं नव्हतं.

म्हातारीने मोबाइल खाली घेतला. तिचा चेहरा पडला होता.

"असं नाही," ती म्हणाली.

"का... काय असं नाही?"

"तुम्ही असं करत नाही."

झालं. तक्रार! रांगेने कान टवकारले.

"आधी हुप्प म्हणता," म्हातारी म्हणाली. "मग शिक्का आपटता. मिशी उडते. मग पार्सलला थोपटून सांगता, पोचलास की कळव रे."

रांगेत खसखस पिकली. "अगदी बरोबर!" रोजचा म्हणाला. कारकुनाचे कान तापले. आपण असं करतो हे त्याला स्वतःलाही धड ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"आमच्या ह्यांनी. रोज रात्री जेवताना करून दाखवायचे. ताटात वाटी आपटून. पोरं ठसका लागेपर्यंत हसायची." तिने मोबाइल उगाच पुसला. "आता मी एकटीच जेवते, भावजी. नक्कल जन्मभर पाहिली. म्हटलं, अस्सल तरी घेऊन जावं."

भावजी. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"वहिनी... आणि त्याचा तो खोकला?"

"कसला खोकला? त्यांना कुठे होता खोकला?"

तो रिकाम्या खुर्चीकडे बघतच राहिला. "लबाडा," तो पुटपुटला. "माझ्या गोळ्या खात राहिलास."

मग त्याने बाह्या वर सारल्या.

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाल्या. "मघाशी बटण दाबायचंच राहिलं होतं." त्यांनी बटण दाबलं.

"हुप्प!" शिक्का असा आदळला की शाईची डबी दचकली. मिशी उडाली. त्याने पार्सल थोपटलं, पण बघितलं शेजारच्या खुर्चीकडे.

"पोचलास की कळव रे."

वहिनींनी तोंडावर रुमाल धरला. मान खाली गेली, खांदे गदागदा हलू लागले. त्या हसत होत्या की काय, ते काचेतून कळेना. त्याने खण उघडला आणि खोकल्याची एक गोळी काचेखालून पुढे सरकवली.