वन्समोर

दारव्ह्याच्या तंबू टॉकीजचं उद्घाटन, आणि पाहुणे म्हणून मुंबईचे घनश्यामबाबू. तीस वर्षांपूर्वीचा त्यांचाच मूकपट लावायचा होता. निर्माते तेच, राजाही तेच. त्यातली राणी, रुपीबाई, आता जवळच्या तांड्यावर राहत होती. म्हणून तिलाही एक खुर्ची मिळाली.

"हिला मीच घडवली," हार सावरत घनश्यामबाबू माईकवर म्हणाले. "पण बोलपट आले आणि हिची जीभ आडवी आली. तांड्याची बोली! राणीच्या तोंडी कशी शोभणार? मुकी होती तोवर राणी होती बिचारी."

पुढे सतरंजीवर तांड्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एकही हसली नाही. रुपीबाईने पदर सारखा केला. हे 'बिचारी' तिने तीस वर्षं गिळलं होतं. आज ते परत करायचं होतं.

चित्र सुरू झालं. पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येऊ लागल्या तशी कुरकुर वाढली. वाचता येतंय कोणाला? टॉकीजचे मालक फुलचंद धावत आले.

"बाई, कोन काय म्हनते ते तुमीच सांगा ना लोकाईले."

"सांगू द्या, सांगू द्या," घनश्यामबाबू मोठ्या मनाने म्हणाले.

रुपीबाई माईक घेऊन पडद्याशेजारी उभी राहिली. राजाने राणीच्या थोबाडीत मारली. ती चपराक खरी होती. शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी रुपी बाबूंच्या खोलीवर गेली नव्हती, म्हणून 'पुन्हा घ्या, पुन्हा घ्या' करत गाल सुजेपर्यंत घेतलेली. राणी पायाशी कोसळली. तिचे ओठ हलले. पाटी आली, 'नाथ, दासीला क्षमा करा.'

रुपीबाई बोलली ते तांड्याच्या गोरबोलीत, पडद्यावरच्या ओठांशी ओठ जुळवून. सतरंजीवर खसखस पिकली.

"काय म्हनते वो रानी?" मागून कोणीतरी विचारलं.

"म्हनते, मेल्या, हात झडतीन तुह्ये. तळपट होईन तुह्यं." तिचा आवाज जराही चढला नाही. "तवाही हेच म्हनलं होतं मी. तिथं कोनाले समजते?"

घनश्यामबाबू ताडकन उठले. "खोटं आहे. बंद करा ते."

"खोटं कायचं? ओठ तं तेच म्हनून राह्यले," सतरंजीवरची तुळसाबाई म्हणाली. "पुन्हा लावा बरं."

तेवढंच निमित्त हवं होतं. वन्समोर, वन्समोर! शिट्ट्यांनी तंबू दणाणला. रीळ मागे फिरलं. राजाने पुन्हा मारलं, राणीने पुन्हा उद्धार केला, आणि या वेळी तिच्याबरोबर अख्खा तंबू.

घनश्यामबाबू पडद्यापुढे जाऊन हातवारे करू लागले. मशीनचा उजेड नेमका त्यांच्या तोंडावर पडला. ओठ जोरजोरात हलत होते, पण त्या गलक्यात ऐकू काहीच येत नव्हतं.

"आता हे काय म्हनून राह्यले, बाई?" तुळसाबाईने विचारलं.

रुपीबाईने त्या ओठांकडे नीट पाहिलं आणि माईक तोंडाशी धरला.

"म्हनते, रानीसाहेब, दासाले क्षमा करा."