वरून आलेली कमेंट

आधीच सांगतो, तुमचा कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण माझी बायको वर जाऊनही माझ्या धंद्याची जाहिरात करते.

मी घरीच वेताच्या खुर्च्या विणून देतो. ती होती तेव्हा मी विणलेल्या खुर्चीचा फोटो फेसबुकवर टाकायचो आणि पहिली कमेंट तिची पडायची, तीही तिऱ्हाईताच्या थाटात: "अहो कारागीर, वीण सैल दिसतेय. माणूस बसला की थेट जमिनीवर!" मग मीही तिथेच तोंड सोडायचो. आमचं भांडण बघायला गर्दी जमायची आणि त्या गर्दीतून दोन-चार गिऱ्हाइकं हाती लागायची.

घरात मी हळूच विचारायचो, "आता तरी खरं सांग, कशी झालीय?"

"खरं सांगितलं तर उद्या भांडताना हसू येईल मला," म्हणायची आणि कामाला लागायची.

ती गेली आणि पेज ओस पडलं. पण परवा खुर्चीचा फोटो टाकला, तर काय सांगू, पहिली कमेंट तिचीच! तिच्याच नावाने, तिच्या फोटोसकट. वर गेली तरी बाईला चैन नाही!

शेजारी बसलेल्या नातीने माझा मोबाइल ओढून घेतला, कमेंट वाचली आणि माझ्याकडे बघत राहिली.



"थाप आहे, आजोबा. हे तुम्हीच लिहिलंय. आजी कधी लिहील का, 'सुंदर झालीय हो खुर्ची'?"