मधलं फूल

बॅडमिंटनचं फूल दोघींच्या बरोब्बर मधे पडलं. दोघी त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तुमचं होतं," डॉक्टर म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही घेताय," ग्रंथपालबाई म्हणाल्या, तेही इतक्या हळू की डॉक्टरला कान पुढे करावा लागला. "सॉरी हं."

वीस-सतरावरून वीस-एकोणीस. जिंकायला एकच गुण हवा होता आणि सलग दोन फुलं अशी बेवारशासारखी जमिनीवर आली होती. जाळीपलीकडे वकीलसाहेब आणि त्यांचे मेहुणे गालातल्या गालात हसत होते. त्यांना गोम कळली होती. या जोडीच्या मधोमध मारायचं, बस्स.

डॉक्टर दातांची, बाईंहून वीसेक वर्षांनी लहान. तिने कपाळावरचा घाम पुसला. "ताई, दिवसभर मी लोकांना तोंड उघडा म्हणते. संध्याकाळीही तेच म्हणायचं का? फूल आपण घेणार असलो की 'माझं' म्हणून ओरडायचं! आज असंच हरलो तर मी दुसरी जोडीदार बघते. राग मानू नका."

बाईंनी राग मानला नाही, धसका मात्र घेतला. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्या या हॉलमध्ये आल्या होत्या त्या वकीलसाहेबांकडे अडकलेलं वाचनालयाचं पुस्तक वसूल करायला. वकीलसाहेबांनी "एवढा डाव होऊ द्या, एक गडी कमी आहे" म्हणत त्यांच्याच हातात रॅकेट दिली. पुस्तक अजून मिळालेलं नाही. रॅकेट मात्र सुटली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून त्या रोज येत, आणि हा तास जवळ आला की त्यांची पावलं आपोआप भरभर पडत. हा तास गेला तर दिवसात काय उरेल, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पण ओरडायचं कसं? सगळी नोकरी ओठांवर बोट ठेवून लोकांना गप्प करण्यात गेली. आणि 'माझं' तरी कशाला म्हणायचं? पुस्तकं सभासदांची, घरातली खिडकीजवळची खुर्ची सासूबाईंची. त्याचं त्यांना कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. शब्दाची सवय नव्हती, इतकंच.

वकीलसाहेबांनी सर्व्हिस केली. फूल चार वेळा इकडून तिकडे गेलं. मग मेहुण्यांनी ते उंच उडवलं, पुन्हा मधोमध. डॉक्टर एक पाऊल सरकली आणि थांबली. मुद्दाम थांबली की काय, कोण जाणे. बाईंनी वर पाहिलं. पांढरं फूल दिव्याखालून खाली येत होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला द्यावं असं त्यांना मुळीच वाटेना.

"माझंऽऽ!"

हॉल दणाणला. डॉक्टर दचकून खालीच बसली. शेजारच्या कोर्टावरचा खेळ थांबला. बाईंनी असं सणसणीत हाणलं की फूल वकीलसाहेबांच्या पायाशी आपटलं, तेव्हा कुठे ते त्यांना दिसलं.

एकवीस.

वाचनालयातसुद्धा कधी एवढी शांतता झाली नव्हती. मग वकीलसाहेब जाळीजवळ आले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, शूऽऽ!"

सगळे खो खो हसले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. रॅकेट अजून वर होती आणि तोंड उघडंच होतं. डॉक्टर उठली, कपडे झटकले, पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातात दिली.

"झालं, ताई. आता चूळ भरा."