फिकट रंग

"मी मुलगा नाही आणि मुलगीही नाही," असं थोरल्या लेकरानं घरात सांगितलं, त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी अबोला धरला होता. काही हवं असलं की ते आईमार्फत मागायचे, तेही लेकरू समोरच बसलेलं असताना.

रविवारी मोर्चा होता आणि आपल्यासारख्यांसाठी नवा झेंडा करायचं काम लेकराकडे आलं होतं. जेवणाच्या टेबलावर कापडाच्या पट्ट्या पसरून ते रंग जुळवून बघत होतं. बाबा पाणी प्यायला उठले. मग खिडकी लावायला उठले, आणि मग तीच खिडकी उघडायला. आईला हसू आवरेना.

"अहो, बघायचंय तर सरळ बघा की! झेंडा काही चावत नाही."

"मला काय करायचंय झेंड्याशी?" बाबा गुरगुरले, पण लेकराच्या खुर्चीमागून हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी वाकून फिकट राखाडी पट्टी उचलली आणि बाजूला टाकली. पाठोपाठ फिकट जांभळीही टाकली.

लेकराचा चेहरा पडला. आता यांना आपले रंगसुद्धा खुपायला लागले, असं वाटून त्यानं मुकाट्यानं सगळं आवरायला घेतलं.

"आवरू नकोस," बाबा म्हणाले. "जरा भडक रंग घे. एवढ्या गर्दीत मी तुला शोधायचं कसं?"