शिंपीकाकांचं गुपित

औषधवाल्या ताईंनी चिठ्ठी वाचली आणि काढलेल्या गोळ्या परत खणात ठेवल्या.

समोर शिंपीकाका उभे होते, मोडलेला खांदा झोळीत अडकवून. शेजारी काकू रुमालाने घाम पुसत होत्या. चिठ्ठीवर कडक वेदनाशामक होतं, अफूच्या जातीतलं. आणि नैराश्याच्या गोळ्या काका आठ महिने याच दुकानातून नेत होते, काकूंच्या नकळत. दोन्ही एका पोटात गेल्या तर अंग थरथरतं, ताप चढतो, झटके येतात. कधी माणूस हातचा जातो.

बोलावं तर गुपित चव्हाट्यावर, न बोलावं तर जिवाशी खेळ.

"काका, ही गोळी आधी घेतलीत का?"

"दवाखान्यातून चार दिल्या होत्या," उत्तर काकूंनीच दिलं. "पण यांना गोळी म्हटलं की कापरं भरतं. दोन दिवस नुसते कण्हत बसलेत. माझी कंबर धरली होती, मग मीच घेतल्या. वाया कशाला घालवायच्या?"

"चारही?"

"चारही. कंबर सुटली, पण कालपासून जीव घाबराघुबरा होतोय. मेला उकाडाच तसा आहे."

"दुसऱ्याची गोळी घेऊ नये, काकू," ताई रागावल्या. मनातून मात्र त्यांचा जीव भांड्यात पडला. काकांच्या पोटात एकही गेली नव्हती.

आत जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि गोळी बदलून घेतली. परत आल्या तेव्हा काकू पंख्याखाली बाकावर जाऊन बसल्या होत्या. बरंच झालं. ताई पुढे वाकल्या.

"काका, ती गोळी तुमच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर चालत नाही. दोन्ही एकत्र झाल्या असत्या तर जिवावर बेतलं असतं. यापुढे डॉक्टरांपासून काही लपवायचं नाही. काकूंना मी बोलणार नाही, काळजी नको."

काकांनी बाकाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती डॉक्टरकडे यायलाच तयार नव्हती, ताई. तिचं रडणं, तिची उडालेली झोप, सगळं मी माझं म्हणून सांगितलं. त्या गोळ्या मी रोज तिच्या चहात कुटून घालतो."