उंच चेंडू

"चेंडू जमिनीलगतच ठेवायचा. उंच उडवलेला चेंडू आपल्या हातात राहत नाही," देवस्थळी सर मला पहिल्या दिवसापासून बजावत आले होते.

गोल्फच्या अंतिम सामन्यात शेवटच्या होलआधी वाळूचा खड्डा आडवा आला. मी सरांचं ऐकलं, खड्ड्याला वळसा घालून चेंडू सरपटवला. तो होलपासून लांबच थांबला.

माझ्याविरुद्ध सरांचीच मुलगी होती, अन्विता. तिने चेंडू सरळ आभाळात उडवला. खड्ड्यापलीकडे, होलशेजारी तो अलगद पडला आणि तिथेच बसला. ती जिंकली.

"हे कुणी शिकवलं गं?"

"बाबांनी. रोज पहाटे, तू यायच्या आधी."

सर टाळ्या वाजवत आले. माझा खांदा थोपटून म्हणाले, "शाब्बास. तू मात्र सांगितलं तस्संच खेळलीस."