लाल रेघ

जुने विभागप्रमुख दहा वाजून पाच मिनिटांनी हजेरीपट मागवायचे, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ ओढायचे आणि सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढायचे.

ते वारले, त्याला वर्ष झालं. नव्या मॅडमनी पहिल्याच दिवशी हजेरीपट बंद केला. "शाळेतली पोरं आहात का तुम्ही?" म्हणाल्या आणि केबिनचं दार उघडं ठेवलं. तरीही दहा-पाचला स्टाफरूममधल्या गप्पा आपोआप थांबायच्या.

आज जुनी फाईल शोधताना मॅडमना कपाटात तो हजेरीपट सापडला. त्यात अगदी आजपर्यंत सगळ्या प्राध्यापकांच्या सह्या होत्या आणि काही नावांपुढे ताजी लाल रेघ.

"ही कोण ओढतं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

हेडक्लार्कने मान खाली घातली.

"ज्याची तो, मॅडम."